घरचं दिलं

"दिवाणा! ए दिवाणा! कुस्करा गार व्हायला लागला रे!"

ओट्याच्या कडेला उभी राहून मी हाका मारत होते. हातातल्या वाडग्यात बाजरीची भाकरी दुधात कुस्करलेली. दिवाणाला आता दाढा राहिल्या नव्हत्या. भाकरीचा पापुद्रासुद्धा त्याच्या टाळूला चिकटायचा आणि मग तो बिचारा पंजाने तोंड खाजवत बसायचा. म्हणून मी कुस्करा बोटांनी अगदी मऊ करून द्यायची.

"येईल," हे म्हणाले. हे म्हणजे आमचे मालक, सगळ्या वस्तीचे तात्या. अंगणात बाजेवर बसून ते कासरा वळत होते. मान वर न करताच म्हणाले, "जातोय कुठं."

"सकाळी मी गेले तवा हितंच पायरीवर होता. आता उन्हं कलली."

"म्हातारा झालाय. पडला आसंल कुठं सावलीला."

"माझ्या हाकंला आला न्हाई, आसं झालंय का कधी?"

"बहिरा झालाय त्यो."

"तुमच्या हाकंला बहिरा. माझ्या न्हाई."

एरवी यावर ते हसले असते. 'ह्या घरात समदीच माझ्या हाकंला बहिरी,' असं काहीतरी बोलले असते. त्या दिवशी नुसता कासऱ्याचा पीळ घट्ट केला.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. आमची वस्ती जुन्नरच्या बाजूला, कालव्याकाठी. मोजकी घरं आणि चहूकडून ऊस. ऊस वाढला तसा उसात बिबट्या राहायला आला. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. आधी कोंबड्या गेल्या, मग वासरं. त्या माघात कालव्यापलीकडे थोरातांच्या मळ्यात ऊसतोड टोळी उतरली होती, तिच्यातलं एक लेकरू गेलं. आई मोळ्या बांधत होती, पोर पाचटावर निजलं होतं. एवढंच लिहिते. त्या बाईचा आवाज अजून माझ्या कानात आहे, तो कागदावर उतरायचा नाही.

फॉरेस्टवाल्यांनी थोरातांच्या मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बांधावर पिंजरा आणून ठेवला. असल्या पिंजऱ्याला दोन खण असतात. पुढच्या खणात वाघ शिरला की दार आपोआप पडतं. मागच्या खणात, जाळीच्या आड, वाघाला ओढ लागावी म्हणून जिवंत जनावर ठेवायचं. ते जनावर गावानं द्यायचं, वस्त्यांनी पाळीपाळीनं. वाघाचा पंजा जाळीतून पोचत नाही, जनावराला काही होत नाही, असं साहेब सांगत. पण थोरातांची शेळी पिंजऱ्यातून परत आली ती दूध आटवूनच. खाल्लेलं अंगी लागेना, कुणी जवळ गेलं की थरथरायची. ते बघून जो तो आपल्या शेळ्या लपवायला लागला. कुणी पाहुण्यांकडे नेऊन घातल्या, कुणी चुलीपाशी बांधल्या. त्या दिवसांत शेळी विकायलाही कुणी काढीना.

आणि आता पाळी आमच्या वस्तीवर आली होती. आमच्या वस्तीत शेळी एकच, भीमाची. भीमा माझी धाकटी जाऊ. धाकटे दीर वारल्यापासून तिची चूल वेगळी, अंगण मात्र आमचं एकच. तिची शेळी गाभण होती आणि तिचा सगळा जीव त्या शेळीत.

सकाळी यांनीच मला टोळीवर धाडलं होतं. "त्या बाईच्या खोपीत चूल पेटली नसंल. भाकऱ्या थापून घिऊन जा. दोन घटका बस तिच्यापाशी." मला बरं वाटलं. यांच्या मनाला असल्या गोष्टी आपसूक सुचत. भीमा म्हणाली, "मी बी येते, अक्का." रस्ताभर ती बोलत होती. भीमा तशी अबोल. त्या दिवशी माहेरच्या विहिरीपासून ते टोमॅटोच्या भावापर्यंत काही सोडलं नाही तिनं. परतताना मी पाय उचलला की म्हणायची, "बस की वाईच, दम लागला." माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान ती, तिला कसला दम?

घरी आले तर पायरी रिकामी.

दिवाण आमच्याकडे आला तो माझ्या सासऱ्यांच्या हयातीत. मेंढरांचा वाडा रानात बसवायला धनगर आले होते, त्यांच्या कुत्रीचं पिलू. पाटाला पाणी सुटलं की हे एवढंसं पिलू बांधावर बसून, पाणी कुठल्या वाफ्यात जातंय ते मान वळवून वळवून बघायचं. सासरे म्हणाले, "हा आपला दिवाण. कामाला हात लावायचा न्हाई, पर नजर समद्यांवर." तेच नाव पडलं.

मी माहेरी निघाले की तो फाट्यापर्यंत पोचवायला यायचा आणि एसटी नजरेआड होईपर्यंत रस्त्यात उभा राहायचा. परत येईन त्या दिवशी फाट्यावर हजर. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची, त्याला वार कळतो म्हणून. पुढे कधीतरी फाट्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं, "वार कसला कळतोय वैनी? तुम्ही गेला की त्यो रोज येतो. शेवटची गाडी बघतो आन् जातो." पोरं चाकणला कारखान्यात लागली, घर रिकामं झालं, तेव्हा माझ्या मागे-पुढे चालायला तेवढा एकच जीव राहिला होता. मी गवताला गेले की तो बांधावर, मी धुण्याला गेले की तो कालव्याच्या पायरीवर. म्हातारपणी डोळ्यांत निळी झाक आली, मागचे पाय लुळे पडायला लागले, तरी माझा पदर दिसला की उठायचा.

तर तो हाकेला येईना.

मी भीमाच्या दारात गेले. "भीमा, दिवाणाला बघितलंस का गं?"

ती शेळीपुढचा पाला उगाचच इकडचा तिकडे करत होती. "मी तुझ्याबरुबरच व्हते की, अक्का."

"ते बी खरंच. आन् माझी वाकळ कुठं दिसंना. सकाळी दोरीवर टाकली व्हती."

"वाऱ्यानं उडाली आसंल."

माझ्या दोन जुन्या लुगड्यांची वाकळ ती. मी पांघरायची आणि तिची एक कड बाजेखाली लोंबायची, तिच्यावर दिवाण निजायचा. त्या दिवशी पान हलेल एवढाही वारा नव्हता. पण माणूस कुत्रं शोधत असताना वाकळेचा विचार किती करणार?

मी काठी घेतली. तशी यांनी कासरा खाली ठेवला.

"कुठं निघालीस?"

"कालव्याकडं बघून येते. पाणी प्यायला गेला आसंल, घसरला आसंल."

"तिकडं नको," ते चटकन उठले. "तिकडं वाघ हाय. चल, मी येतो. हिरीकडनं बघू."

आम्ही दोघं निघालो. विहिरीचा काठ झाला, गोठ्यामागचं रान झालं, आंब्याखालची जुनी खोप झाली. वाटेतल्या दारादारात मी विचारलं, जो तो नाही म्हणाला. हे माझ्यापुढे चालत होते आणि माझ्याबरोबर हाका मारत होते. "दिवाणा! ए दिवाणा! यू, यू!" चांगल्या मोठ्या आवाजात. उसाच्या सरीत काठीनं पाचट सारून वाकून बघत होते. एका ठिकाणी माझ्या पायात काटा मोडला तर खाली बसून त्यांनी तो काढला, थुंकी लावली आणि म्हणाले, "सावकाश चल."

मला वाटलं, माझ्याइतकाच यांचाही जीव लागलाय.

"आपल्या पाळीचं काय ठरलं?" मी चालता चालता विचारलं. "भीमाची शेळी नेणार का?"

"भीमाची न्हाई. गाभण जनावर हाय."

"मंग?"

"ठरलंय. केलीय सोय."

"कुठनं?"

"केलीय म्हनलं ना. तू दिवाणाला हाक मार."

आणि मी हाक मारली. पिंजऱ्यात शेळी ठेवतात, एवढंच आम्ही आजवर बघितलं होतं. दुसरं काही माझ्या मनाला शिवलंही नाही.

दिवस मावळला. अंधारून यायला लागलं तसे आम्ही घराकडे वळलो, आणि नेमका तेव्हा कालव्यापलीकडून आवाज आला. भुंकणं नव्हे. भुंकून भुंकून घसा बसल्यावर निघतो तसा, तुटका.

मी जागीच थांबले. "दिवाण."

"न्हाई."

"आवं, दिवाणच त्यो. मला कळत न्हाई का?"

"थोरातांचं कुत्रं हाय त्ये," हे म्हणाले. "वाघाच्या वासानं वरडतंय."

"थोरातांच्या कुत्र्याचा आवाज आसा न्हाई."

त्यांनी माझा दंड धरला. कधी हाताला धरून मला न अडवणारा माणूस. म्हणाले, "त्या पोराचं काय झालं ते बघितलंस ना? आन् तू आता ह्या वक्ताला उसात शिरणार? उद्या उजाडलं की मी सोता जातो थोरातांकडं. आईची आन."

आईची शपथ त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच घेतली होती. मी मागे फिरले. रात्रभर तो आवाज मधूनमधून येत राहिला आणि मी स्वतःला समजावत राहिले की थोरातांचं कुत्रं आहे. पहाटे पहाटे तो थांबला.

उजाडलं ते फटाक्यांनीच. कुणीतरी मोटारसायकलवरून ओरडत गेलं, "घावला! वाघ घावला!" बायाबापड्या, म्हातारी माणसं, सगळी कालव्याच्या पुलाकडे पळत सुटली. हे अंथरुणात नव्हते, कधीच गेले होते. मीही निघाले. मला वाघाचं काही नव्हतं, तिकडं माणसं जमलीत तर कुणीतरी दिवाणाला बघितलं असेल, एवढंच मनात होतं.

भीमा आडवी आली. "अक्का, तू नको येऊस."

"का गं?"

"लई गर्दी हाय. चेंगरशील."

"मी काय लहान हाय व्हय?" मी तिला बाजूला सारलं. ती माझ्यामागून रडत येत होती हे मला पुलावर पोचल्यावर कळलं. मला वाटलं, त्या ऊसतोड बाईसाठी रडतेय.

पिंजऱ्याभोवती जत्रा भरली होती. पुढच्या खणात वाघ. गजांवर डोकं आपटून आपटून त्याचं कपाळ फुटलं होतं, आणि तो गुरगुरला की पुढची माणसं मागच्यांच्या पायांवर पडत आणि मग सगळी हसत. यांच्या कपाळाला कुणी गुलाल फासला होता. फॉरेस्टचे साहेब त्यांच्या पाठीवर थाप मारत होते.

"बोकडाला, शेळीला आला नव्हता. कुत्र्याला बरोबर आला," साहेब म्हणाले. "कुत्र्याच्या वासाला सोडत नाही तो. कुणाचं म्हणालात?"

"तात्यांचं!" दोन-तीन आवाज एकदम आले.

थोरातांचे थोरले पुढे झाले. "साहेब, हितं शेळी द्यायची तर माणसं तोंड लपवत्यात. ह्या माणसानं घरचं दिलं. घरचं! गरीब भावजयीची शेळी वाचवली आन् आपलं कुत्रं दिलं."

"तसंबी म्हातारंच व्हतं," कुणीतरी म्हणालं.

"म्हातारं आसलं म्हनून काय झालं? द्यायला काळीज लागतं."

तेवढ्यात यांनी मला बघितलं. गुलालाखाली त्यांचा चेहरा उतरला. माझ्या बाजूच्या बायका मागं सरल्या, एकीनं तोंडाला पदर लावला. तेव्हा मला दिसलं की सगळ्यांना माहीत होतं. काल मी ज्या ज्या दारात विचारलं होतं, त्या प्रत्येक दारातलं माणूस तिथं उभं होतं.

पिंजऱ्याच्या मागच्या अंगाला फांद्या टाकलेल्या होत्या. फॉरेस्टच्या माणसांनी त्या ओढून काढल्या. आत, कोपऱ्यात अंग चोरून, दिवाण. त्याच्याखाली माझी वाकळ. सगळी घाण झालेली.

"बघा, ओरखडासुद्धा नाही," साहेब म्हणाले.

मागचं लहान दार वर उचललं. दिवाण बाहेर येईना. मी गर्दीतून वाट काढली, दारापाशी गुडघ्यावर बसले आणि हात आत घातला.

"दिवाणा, ये. ये माझ्या राजा. मी आलेय."

त्याची निळसर झाक आलेली नजर माझ्यावर ठरली. मी आलेय एवढं त्याला निश्चित कळलं, कारण त्यानं ओठ मागं घेतले आणि आपल्या रिकाम्या हिरड्या मला दाखवल्या. मी हात आणखी पुढे केला, तसा तो मागे सरकला. मागे जाळी होती आणि जाळीपलीकडे वाघ. तो वाघाकडे सरकला, पण माझ्याकडे आला नाही.

शेवटी एका माणसानं त्याला मानगुटीला धरून ओढून काढलं. पाय टेकताच तो माझ्या अंगावरून निघून गेला, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून धडपडत, आणि बांधाच्या करंजाखाली पडला. हे गेले, त्याला उचललं, खांद्यावर टाकलं. त्यांच्या खांद्यावर तो गप्प राहिला.

घरी आणल्यावर तो पायरीवर बसेना. सरपटत उकिरड्याच्या कडेला गेला आणि तिथं पडून राहिला. मी कुस्करा नेला, त्यानं तोंड फिरवलं. पाणी नेलं, तसंच. भीमानं तेच भांडं नेलं तर दोन-चार घोट चाटले.

"माझ्या हातचं का घेत न्हाई त्यो?" मी भीमाला विचारलं. "बाकी समद्यांचं चालतं त्याला."

भीमा तिथंच मातीत बसली. "अक्का, मला मार. पर ऐक. भावजींनी त्याला तिथवर नेला, त्यो गुमान गेला. पिंजऱ्याच्या दाराशी मातुर अडला. लई वढला, जाईना. मंग त्यांनी तुझी वाकळ आत हातरली. तुझ्या वासानं त्यो आपला आपण आत गेला. शेपूट हलवत गेला, म्हणं. त्याला वाटलं, आत तूच हाईस."

"तुला कवा कळलं?"

"आदल्या दिशीच. माझी शेळी न्यायची न्हाई, पर तुला दुपारपतूर तिकडंच अडकवून ठिवायचं, आसं भावजी म्हनाले." तिनं माझ्या पायाला हात लावला. "माझ्यापाशी तेवढी एकच हाय गं."

मी आडावर गेले. डोक्यावरून पाणी घेतलं, ठेवणीतलं कोरं लुगडं नेसले, आणि परत त्याच्याकडे गेले. मी पाच हात लांब असतानाच त्यानं मान खाली घातली आणि त्याचं अंग थरथरायला लागलं. अंगाचा वास काही लुगड्याबरोबर बदलत नाही.

हे दुपारी जेवायला आले. गुलाल धुतला होता, पण कानांच्या पाळ्यांत राहिला होता. मी ताट वाढलं. ते ताटावर बसले, घास केला आणि तसाच धरला.

"बोल काईतरी," म्हणाले.

"काय बोलू?"

"त्या टोळीवर अजून पोरं हायती. आपल्या वस्तीवर हायती. उद्या कुणाचं गेलं आसतं तर? एका कुत्र्यासाठी..."

"मी त्याबद्दल काई म्हनले का?"

"मंग आसं तोंड का करतीस?"

"मला इचारलं का न्हाई?"

"इचारलं आसतं तर दिला आसतास?"

"न्हाई."

"मंग!" त्यांनी घास ताटात टाकला. जणू वादच मिटला.

"मंग मी न्हाई म्हनले आसते," मी म्हणाले. "रडले आसते, भांडले आसते, दारात आडवी पडले आसते. आन् तरी तुम्ही नेलाच आसता. तुमचं बी बरुबर आसंल, मी कुठं न्हाई म्हनते? पर मी आडवी पडले ते त्याला दिसलं आसतं. आता त्याला काय दिसलं? त्याच्या लेखी त्याला आत म्या घातला."

त्यांनी ताट पुढे सारलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. वाकळ न्यायला नको व्हती."

"माझ्याबरुबर हाका मारत फिरलात तुम्ही. उसात वाकून बघत व्हता."

"तुला एकलीला कसं सोडू?"

"आईची आन घेतलीत."

ते पाटावरून उठायला लागले.

"माझी माफी नका मागू," मी म्हणाले. "त्याला सांगा. हिला ठाऊक न्हवतं, आसं त्याला सांगा."

"याड लागलंय का तुला? कुत्र्याला सांगू?"

"काल त्याच्याशी बोलूनच नेला ना? तवा कळलं त्याला. हे बी कळंल."

"लोकं हासतील."

"हासू द्या."

दिवाण दुसऱ्या दिवशी सकाळी, धारा काढायच्या वेळेला गेला. यांनी स्वतः खड्डा घेतला, बांधाच्या कडेला, पाट जिथं वळतो तिथं. भीमानं फुलं आणली. मी लांबून बघितलं. जिवंत असताना ज्याला माझा हात नकोसा झाला होता, त्याला मेल्यावर कुठल्या तोंडानं कुरवाळायचं?

त्यानंतर आमचा संसार झाला. चांगला झाला. सुना आल्या, नातवंडं झाली, यांच्या पायाचं दुखणं मी वर्षानुवर्षं काढलं, शेक दिला, तेल चोळलं. भीमाशीही बोलणं राहिलं, तिच्या शेळीचं करडू माझ्या नातवानं खेळवलं. फक्त हे कधी कुठून आले आणि 'तिकडं अमुक झालं' असं सांगायला लागले की मी 'हो' म्हणायची आणि नंतर दुसऱ्या कुणाला तरी विचारून घ्यायची. त्यांना ते कळत होतं. आमच्या दारात पुन्हा कुत्रं आलं नाही. त्यांनी एकदा पिलू आणायचा विषय काढला, मी चुलीतली राख ओढत राहिले, विषय संपला.

हे वारले तेव्हा दहाव्याला घाटावर भाषणं झाली. थोरातांच्या नातवानं ती गोष्ट सांगितली. 'असा माणूस होणे नाही. वाघाच्या तोंडी घरचं दिलं.' माणसांनी माना हलवल्या. माझ्या थोरल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदर सावरून ऐकत बसले.

पण ताटावर आमचं ते बोलणं झालं, त्या दुपारी पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही, कारण ते ऐकणारी मी एकटीच होते.

गावातून दोन माणसं मोटारसायकलवर यांना न्यायला आली होती. शाळेत सत्कार ठेवला होता, शाल आणि नारळ. हे धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधला. अंगणात आले. माणसं गाडी सुरू करून उभी होती. हे गाडीकडे निघाले, मध्येच थांबले, माझ्याकडे बघितलं आणि वळून उकिरड्याकडे चालायला लागले.

"तात्या, हिकडं!" गाडीवरचा ओरडला.

"आलो. थांबा वाईच."

ते उकिरड्याच्या कडेला गेले आणि त्या धुतलेल्या धोतरानिशी शेणमातीत खाली बसले. मी गोठ्याच्या खांबाआड उभी होते. फेटा काढून मांडीवर ठेवला. मग दिवाणाच्या कानाशी वाकून म्हणाले,

"दिवाणा, ऐक. तिला ठाऊक न्हवतं. तिला म्या टोळीवर धाडली. वाकळ म्या नेली, दोरीवरची. ती तुला लई हुडकत व्हती रे. म्याच तिला तिकडं येऊ दिलं न्हाई. जे केलं त्ये म्या केलं. तिच्यावर राग धरू नगंस."

दिवाणानं मान उचलली. त्यांचा हात हुंगला. आणि त्याचं शेपूट हललं. मातीवर घासत, हळू, पण हललं.

हे गर्रकन माझ्याकडे वळले. लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा. डोळे भरून आलेले. "बघ! बघितलंस? समजलं त्याला! ये, ये लवकर, आता यील बघ तुझ्याकडं."

मी खांबाआडून बाहेर आले. पदराला हात पुसले आणि पुढे गेले.

शेपूट थांबलं. दिवाण कसाबसा वळला, आणि त्यानं आपलं तोंड यांच्या धोतराच्या निऱ्यांत खुपसलं.